माणूस पाहून औषध, की डबी पाहून?

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यात महाराष्ट्रातल्या घराघरांत सकाळी एकच वास सुटलेला असायचा. तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुका घालून उकळलेला काढा. आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी तो सुचवला होता, दिवसातून एकदा किंवा दोनदा. पण कुणी चमचाभर सांगितलं की पळीभर घ्यायची आपली रीत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिरीचे दाणे वाढत गेले, लवंग आली, ओवा आला, काही जण चहासारखा दिवसभर तोच पिऊ लागले. बाहेर विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकलेला. थोड्याच दिवसांत तोंड आलंय, छातीत जळजळतंय, जुनी मूळव्याध उठलीय, अशा तक्रारी ऐकू येऊ लागल्या.

आता वाग्भट या जुन्या आयुर्वेदाचार्याचा अष्टांगहृदय हा ग्रंथ उघडा. सूत्रस्थानातला तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. ग्रीष्मात खारट, तिखट, आंबट टाळावं, ऊन आणि व्यायाम टाळावा. गोड, हलकं, स्निग्ध, थंड आणि पातळ घ्यावं, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. म्हणजे ऐन वैशाखात, पित्ताच्या माणसाला, रिकाम्या पोटी मिरी-सुंठीचा काढा पाजणं हे आयुर्वेदाच्याच हिशोबाने चुकीचं होतं. आणि ते झालं आयुर्वेदाच्याच नावाने. घरात चार माणसं असतील तर चौघांना एकाच पातेल्यातून. आजोबांना आम्लपित्त आहे, सुनेला दिवस गेलेत, नातू मुळातच उष्ण प्रकृतीचा, विचारतो कोण?

माझं म्हणणं सरळ आहे. आयुर्वेदाची मूलतत्त्वं आपण मनापासून मानली, तर आयुर्वेदाच्या नावाने चालणाऱ्या बाजाराचा मोठा भाग आवरावा लागेल. निदान उग्र औषधं तरी वैद्याच्या चिठ्ठीशिवाय काउंटरवरून देणं थांबवावं लागेल. ही मागणी केली की ती ॲलोपॅथीवाल्यांची, परंपरेच्या शत्रूंची म्हणून ओळखली जाते. माझ्या मते ती चरकाची आहे.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात एक फार मार्मिक जागा येते. रानात शेळ्या-मेंढ्या-गाई राखणारे लोक वनस्पतींची नावं जाणतात, रूपं ओळखतात, असं चरक मोकळेपणाने मान्य करतो. त्यांच्या ज्ञानाला तो नाक मुरडत नाही. पण पुढे म्हणतो की नाव आणि रूप कळलं म्हणजे औषध कळलं असं होत नाही. कुठल्या देशात, कुठल्या काळात, कशी योजना करायची हे जाणणारा आणि ‘पुरुषं पुरुषं वीक्ष्य’, माणूस न् माणूस पाहून ती करणारा, तो उत्तम वैद्य. आणि लगेच सांगतो, की योजना नीट असेल तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतं आणि योजना चुकली तर औषधही तीक्ष्ण विष होतं. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य टीव्हीवर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत आपण रोज ऐकतो. ज्या शास्त्राच्या नावाने ते म्हटलं जातं, त्या शास्त्राने पहिल्याच अध्यायात ते खोडून काढलेलं आहे.

माणूस पाहणं म्हणजे काय पाहणं, हेही चरकाने मोघम ठेवलेलं नाही. चरकसंहितेतल्या विमानस्थान या विभागाच्या आठव्या अध्यायात दहा गोष्टी सांगितल्या आहेत: प्रकृती, विकृती (रोगाने झालेला बिघाड), सार (शरीरातल्या धातूंचा कस), संहनन (बांधा), प्रमाण (अंगाची मापं), सात्म्य (सवयीने मानवणारं), सत्त्व (मनाचं बळ), आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. एखाद्या चांगल्या जुन्या वळणाच्या वैद्याकडे जाऊन बसा, मग ही यादी कशी चालते ते दिसतं. रुग्ण सांगतो, पाठ दुखते. वैद्य पाठीकडे वळतच नाहीत. भूक लागते म्हणून जेवता, की घड्याळात एक वाजला म्हणून? सकाळी जिभेवर पांढरा थर असतो का? शौचाला जाऊन आल्यावर हलकं वाटतं, की पुन्हा जावंसं वाटतं? रात्री पाय गार पडतात का? दही रोज खाता? रात्रीसुद्धा? मूळ गाव कुठलं, कोकणातलं की देशावरचं? झोपेत दात खाता असं घरच्यांनी कधी सांगितलंय का? रुग्णाला वाटतं, हे काय चाललंय, मी पाठीसाठी आलोय. पण हे सगळे प्रश्न एका उत्तराच्या शोधात असतात: या माणसाचा अग्नी कसा आहे? मंदाग्नी हे सगळ्या रोगांचं मूळ, असं वाग्भट म्हणतो. खाल्लेलं नीट पचतं का, पचलेलं शरीरात नीट मुरतं का आणि टाकायचं ते वेळेवर बाहेर पडतं का, या तीन गोष्टींवर या शास्त्राची निम्मी इमारत उभी आहे. वात, पित्त, कफ हे त्या इमारतीतलं बोलीचालीचं चलन.

गावाचा प्रश्न काही गप्पांसाठी नसतो. आयुर्वेदात देश तीन प्रकारचे: पाणथळ तो आनूप, कोरडा तो जांगल आणि दोहोंच्या मधला साधारण. रत्नागिरीतला पिढ्यान् पिढ्या भात-मासे खाणारा माणूस आणि बीडमधला बाजरीची भाकरी खाणारा माणूस यांच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी वेगळ्या, म्हणून एकाच दुखण्यावर त्यांना सांगायचं पथ्यही वेगळं. प्रत्येक सणाच्या ताटामागे विज्ञान शोधायची हौस मला नाही. तसं शोधणारे लोक पुरणपोळीतही काहीतरी काढतात. पण पाडव्याला कडुनिंब, कोजागिरीला दूध आणि संक्रांतीला तीळ येतात, तेव्हा ऋतू पाहून खाण्याची सवय या मातीत रुळलेली होती एवढं तरी म्हणता येतं.

या तत्त्वाची खरी कसोटी पाहायची तर मधुमेहाकडे पाहावं. प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यांत मोडतो त्या लघवीच्या विकारांच्या, चिकित्सेत चरक सुरुवातीलाच रुग्णांचे दोन गट करतो. एक लठ्ठ आणि बलवान, दुसरा कृश आणि दुबळा. कृशाचं पोषण करायचं, त्याला भरून आणायचं. आणि ज्याच्या अंगात दोष आणि बळ दोन्ही जास्त, त्याचं शोधन करायचं, म्हणजे साठलेले दोष बाहेर काढायचे. रोगाचं नाव एक आणि उपचार एकमेकांच्या विरुद्ध दिशेला. सुश्रुतही जन्मजात आणि अपथ्याने होणारा असे दोन प्रकार करतो आणि काही रुग्णांना शंभर योजनं चालत जा, विहीर खण, असली कामं सांगतो. आजच्या टाइप वन आणि टाइप टू मधुमेहाचा शोध आपल्या पूर्वजांनी आधीच लावला होता, असं मी म्हणणार नाही. इन्शुलिन म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं आणि ते माहीत नसणं त्या काळच्या कृश रुग्णाला फार महागात पडत असणार. पण दोन माणसं सारखी नाहीत, त्यांना एकच औषध देऊ नका, हे त्यांना पक्कं दिसलं होतं.

आणि आज? ‘मधुमेहावर रामबाण’ असा एकच डबा. तोच लठ्ठ दुकानदाराला, तोच चौदा वर्षांच्या वाळलेल्या मुलीला. मुलीने त्या डब्याच्या भरवशावर इन्शुलिन सोडलं तर काही दिवसांत तिच्या जिवावर बेतू शकतं. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब, उंची अशा यादीतल्या आजारांवरच्या इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे. कायदा पंच्याहत्तरीकडे चाललाय आणि या जाहिराती रिक्षाच्या पाठीवर चालल्यात. त्यात २०१८ साली औषध नियमांत १७० क्रमांकाचा नियम घातला गेला, की आयुर्वेदिक औषधाची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी. जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो काढून टाकला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काढून टाकण्याला स्थगिती दिली आणि वर्षभराने ते प्रकरणच निकाली निघालं. इतक्या येरझाऱ्यांत डबा कुणाला द्यावा हा प्रश्न कुणी विचारला नाही. सगळा वाद डब्यावर काय लिहावं याचा.

तर डब्यावर काय लिहिलेलं असतं तेही जवळून पाहू. सर्दी-तापाला महाराष्ट्रात सर्रास घेतलं जाणारं औषध म्हणजे त्रिभुवनकीर्ती रस. कुठल्याही आयुर्वेदिक दुकानात मागा, मिळतं. घटक वाचा: हिंगूळ, वत्सनाभ, सुंठ, मिरी, पिंपळी, पिंपळमूळ, टाकणखार, वर तुळस, आलं, धोत्रा यांच्या रसांच्या भावना, म्हणजे त्या रसांत घोटणं. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधकाचं संयुग. वत्सनाभ म्हणजे बचनाग, ज्याच्या थोड्याशा जास्त मात्रेने हृदयाचे ठोके बिघडतात. शुद्धी करून, मात्रा सांभाळून, योग्य रुग्णाला ते द्यावं असं शास्त्र म्हणतं. कायदाही ते जाणतो. औषध नियमांच्या ई (१) या अनुसूचीत बचनाग, धोत्रा, कुचला, बिब्बा, अफू, पारा, हरताळ, मनशीळ अशा द्रव्यांची यादी आहे आणि ती असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापणं बंधनकारक आहे. इंग्रजी आणि हिंदीत. मराठीत छापा असं नियम म्हणत नाही. पण आयुर्वेदिक औषध विकायला दुकानदाराला विक्रीचा परवानाच लागत नाही. परवाना उत्पादनाला लागतो. म्हणजे देखरेखीखाली घ्या असं छापलेली गोळी कुणीही, कुणालाही, काहीही न विचारता विकू शकतो. काउंटरवरचा पोरगा सांगतो, “सर्दी ना? दोन-दोन घ्या, मधातून.” झाली देखरेख.

त्यापुढची गोष्ट आणखी मजेशीर आहे. आयुर्वेदिक औषध काढायचं असेल तर औषध कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत पन्नासहून अधिक ग्रंथांची यादी आहे. त्यांपैकी एखाद्यात तो पाठ, म्हणजे औषधाची कृती, जसाच्या तसा असला, त्याच आजारासाठी असला, तर सुरक्षितता किंवा गुण दाखवणारा नवा अभ्यास मागितला जात नाही. ग्रंथाचा दाखला हाच पुरावा. आपल्याकडे घरोघर असलेला शंकर दाजीशास्त्री पदे यांचा आर्यभिषक्सुद्धा त्या यादीत आहे. मराठी वाचकाला त्याचा अभिमान वाटायला हरकत नाही. पण ग्रंथात लिहिलंय एवढ्याने भागलं असतं, तर वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या शेवटी जे लिहिलं ते लिहिलं नसतं. तो म्हणतो, वाताला तेल, पित्ताला तूप आणि कफाला मध हे ब्रह्मदेवाने सांगितलं काय किंवा त्याच्या मुलाने सांगितलं काय, सांगणारा बदलला म्हणून द्रव्याची शक्ती बदलते का? आणि ऋषींनी लिहिलेलंच आवडत असेल तर चरक-सुश्रुत सोडून भेळ ऋषीचा ग्रंथ वगैरे का वाचत नाही? चांगलं सांगितलेलं असेल ते घ्या. इतका रोखठोक माणूस! आपण त्याचा ग्रंथ यादीत घातला आणि त्याचं म्हणणं बाहेर ठेवलं.

बाजारातल्या मालाचं काय होतं याचे दाखले आहेत. २००३ साली अमेरिकेत बोस्टनच्या परिसरातल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं विकत घेऊन तपासली गेली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. घेणारी बहुतेक आपलीच माणसं, परदेशात राहून गावाकडच्या औषधावर विश्वास ठेवणारी. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने उत्तर दिलं की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. या वादात कोण बरोबर हे मला ठरवायचं नाही. मंत्रालयाचं म्हणणं खरं मानलं तर प्रश्न जास्तच गंभीर होतो. कुंपणावरून तोडलेली किंवा पुडीतून आलेली वेल नक्की कोणती हे घेणाऱ्याला, विकणाऱ्याला, कुणालाच माहीत नाही. म्हणजे चरकाच्या मेंढपाळाकडे जे नाव-रूपाचं ज्ञान होतं, तेवढंही आपल्यापाशी उरलेलं नाही, आणि गप्पा मात्र वैद्यकाच्या.

इथे शुद्ध आयुर्वेदाचे अभिमानी एक मुद्दा नेहमी मांडतात आणि तो वरवर बिनतोड वाटतो. आयुर्वेद माणसागणिक बदलतो, म्हणून त्याची आधुनिक पद्धतीने चाचणी घेताच येत नाही. शंभर जणांना एकच गोळी देऊन मोजणं त्याला लागू नाही. हा मुद्दा मला पटत नाही, कारण तशी चाचणी झालेली आहे. आमवातासाठी, म्हणजे ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्यासाठी, कोइंबतूरला ४३ रुग्णांवर प्रयोग झाला. २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना मेथोट्रेक्सेट हे आधुनिक औषध आणि खोटं आयुर्वेदिक औषध, काहींना खरं आयुर्वेदिक औषध आणि खोटं मेथोट्रेक्सेट, काहींना दोन्ही खरी. वैद्यांना प्रत्येक रुग्णासाठी वेगळी योजना करायची पूर्ण मोकळीक. कुणाला काय मिळतंय हे ना त्यांना माहीत, ना रुग्णाला. तिन्ही गट साधारण सारखेच सुधारले. ४३ हा आकडा लहान आहे, त्यावरून कुणी नाचू नये. पण ‘घेताच येत नाही’ हे खोटं ठरलं. आपल्या पुण्यातही संधिवाताच्या संशोधकांनी गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर आयुर्वेदिक पाठ आणि ग्लुकोसामाइन, सेलेकॉक्सिब या आधुनिक गोळ्या यांची तुलना केली. २०१३ मध्ये निष्कर्ष आले, आयुर्वेदिक औषधं बरोबरीची ठरली. त्याच अभ्यासात आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांच्या रक्तात यकृताचा एक घटक वाढलेला आढळला आणि औषध थांबवल्यावर तो खाली आला. मला हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. औषधाला गुण आहे, म्हणूनच त्याला दोषही असू शकतो. दोन्ही मोजणारं कुणीतरी समोर हवं.

सर्पगंधेची गोष्ट इथे नेहमी सांगितली जाते, तर तीही घेऊ. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाबद्दल ब्रिटिश नियतकालिकात लिहिलं, पुढे तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि जगभर वापरलं गेलं. मोठीच गोष्ट. पण त्याने सिद्ध झाली ती वनस्पती. प्रकृती, अग्नी, ऋतू यांचा विचार करून उपचार केला तर तो न करण्यापेक्षा बरा ठरतो का, हा आयुर्वेदाचा स्वतःचा दावा आहे, आणि तो सर्पगंधेने तपासला गेला नाही. तो तपासायला कोइंबतूरसारखे प्रयोग शेकड्यांनी व्हायला हवेत. प्रकृतीवर काम झालंय. २०१५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ३,४१६ निरोगी पुरुष पाहून, त्यांतल्या ठळक वात, पित्त किंवा कफ प्रकृतीच्या २६२ जणांची जनुकं तपासली आणि गटागटांत काही फरक दाखवले. याची बातमी ‘आयुर्वेद विज्ञानाने सिद्ध’ अशी झाली. मला त्यात दुसरंच दिसतं: इतक्या माणसांतून ठळक प्रकृतीची मोजकीच निवडावी लागतात. मग मोबाइलवर दहा प्रश्नांची उत्तरं टिचकावून आपण वातप्रधान की पित्तप्रधान हे ठरवून घेणारे कुठल्या भरवशावर तेल मागवतात?

आता दुसऱ्या बाजूचं. विवेकवादी मित्र म्हणतात, त्रिदोष हीच मुळात कालबाह्य कल्पना, तिच्या तत्त्वांची चर्चा कशाला? त्यातलं अर्धं मी मान्य करतो. शरीर कसं चालतं याचं स्पष्टीकरण म्हणून त्रिदोष आज पुरत नाही. काहीही झालं तरी वात-पित्त-कफात बसवता येतं, आणि जे कशातही बसवता येतं ते फारसं काही सांगत नाही. चरकाने हाडं ३६० मोजली, त्यात दात-नखंही धरली; सुश्रुताने ३०० मोजली; आज आपण २०६ म्हणतो. पण सुश्रुत प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग थर काढत शरीर पाहायला सांगत होता. प्रत्यक्ष पाहिलेलं आणि शास्त्रात वाचलेलं, दोन्ही मिळून ज्ञान वाढतं, हे त्याचं म्हणणं. ज्याने बघायला सांगितलं त्याचा आकडा बघून बदलायला त्याची हरकत असायचं कारण नाही. परंपरा थिजलेली नव्हतीच. नाडीपरीक्षा आज आयुर्वेदाची ओळख झालीय, पण चरक-सुश्रुतात ती नाही. मध्ययुगातल्या शार्ङ्गधर या ग्रंथकाराच्या सुमारास ती ग्रंथांत दिसते. पोर्तुगीजांबरोबर आलेला नवा रोग भावमिश्र या वैद्याने सोळाव्या शतकात ‘फिरंग’ म्हणून नोंदवला आणि त्यावर बाहेरून आलेली चोपचिनी ही मुळी घेतली. त्याच शतकात, १५६३ साली, गोव्यात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य इथल्या औषधींवर ग्रंथ छापत होता. देवघेव दोन्हीकडून चालू होती. चरक तर भांडणाऱ्या ऋषींनाच सुनावतो की आपलंच खरं धरून वाद घालणारे तेल्याच्या घाण्यासारखे फिरतच राहतात, कुठे पोचत नाहीत. आयुर्वेद शुद्धच शिकवावा की ॲलोपॅथी मिसळून, हा गेल्या शतकातला महाराष्ट्रातला शुद्ध की मिश्र वाद मी वाचतो तेव्हा मला तो घाणा दिसतो.

शुद्ध-मिश्र वादाचं आज जे फलित आहे ते आपल्या तालुक्याच्या गावात पाहायला मिळतं. बारावीनंतर एमबीबीएस हुकलं म्हणून बीएएमएसला आलेला मुलगा किंवा मुलगी. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. संस्कृत सूत्रं पाठ, परीक्षेत श्लोक लिहायचा, त्यावर शंका विचारली तर गुरुजींची भुवई वर. बाहेर पडल्यावर दवाखाना टाकला की सलाइन, इंजेक्शन आणि अँटिबायोटिक, कारण लोक त्यासाठीच येतात आणि सरकारी अधिसूचनांनी काही अंशी तशी वाटही मोकळी करून दिलीय. मी त्यांना दोष देत नाही. रात्री दोन वाजता गावात दार उघडणारा डॉक्टर बहुधा हाच असतो. पण ज्याने दहा गोष्टी तपासून औषध द्यायचं तो इंग्रजी गोळ्या लिहितोय आणि ज्याला काही तपासायचं माहीत नाही तो किराणा दुकानदार त्रिभुवनकीर्ती विकतोय, अशी ही उलटापालट आहे. प्रश्न विचारायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायला कोणी तयार नाही. बाटलीचे देतात.

चिठ्ठीचा मुद्दा मांडला की एक वाजवी शंका येते. साथीच्या वेळी प्रत्येकाची प्रकृती कोण बघत बसणार? गंमत म्हणजे हाच प्रश्न चरकसंहितेत अग्निवेश या शिष्याने आपल्या गुरूला विचारलाय. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, गंगेच्या काठी कांपिल्य नगरीजवळ. माणसांच्या प्रकृती, आहार, बळ, वय, सगळं वेगळं असताना एकाच वेळी, एकाच रोगाने गावंच्या गावं कशी उजाड होतात? आपल्याच तत्त्वाला शिष्याने लावलेला तो सुरुंग आहे आणि ग्रंथाने तो लपवून ठेवलेला नाही. उत्तर येतं: माणसं वेगळी असली तरी वायू, पाणी, भूमी आणि काळ सगळ्यांना सामाईक असतात, ते बिघडले की सगळे एकदम आजारी पडतात. आणि ते का बिघडतात याचा शोध घेताना अध्याय राज्यकर्त्यांच्या अधर्मापर्यंत जातो. साथीत चरकानेही पंचकर्म आणि बळ वाढवणारी रसायनं सांगितली आहेत, हे खरं. पण त्याची नजर आधी नदीकडे जाते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूची होती. तिथे भुईआवळ्याचा रस वाटून भागणार नव्हतं. पंचगंगेत काय सोडलं जातं आणि नळातून काय येतं हे बघणं हीच चिकित्सा. सर्वांगीण आरोग्य म्हणून आज ज्या रिसॉर्टमध्ये शिरोधारा विकली जाते, तिथे हा अध्याय कुणी वाचून दाखवत नाही.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. यादी नव्याने करायची गरज नाही, ई (१) आहेच. तिच्यातली द्रव्यं असलेलं पोटात घ्यायचं औषध नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवरच मिळावं. ते ठेवणाऱ्या दुकानाला परवाना असावा, विक्रीची नोंद असावी आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पट्टीवर इशारा मराठीतही असावा. त्रिफळा, सितोपलादी, आवळ्याचा मोरावळा, बाळाच्या पोटावर लावायचा हिंग, आजीच्या बटव्यातलं जायफळ याला कुणीही हात लावू नये. ते घरचं आहे, घरचंच राहावं. अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे येईल आणि तिथे आजच माणसं कमी पडतात, हे मला माहीत आहे. पण ऑनलाइन विक्रीपासून सुरुवात केली तर निम्मं काम होईल, कारण तिथे बिल आपोआप तयार होतं.

विरोध होईल. दुकानदार ओरडतील, कंपन्या न्यायालयात जातील, आणि परंपरेवर घाला म्हणून मोर्चेही निघतील. वैद्यांच्या एका गटाला भीती वाटेल की उद्या आमच्या खलबत्त्यावरही इन्स्पेक्टर येईल. त्यांची भीती दूर करणं सोपं आहे. वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी स्वतः बनवलेल्या औषधाला उत्पादन परवान्यातून औषध कायद्यात आधीपासूनच सूट आहे. ती तशीच ठेवावी. नाडीवर बोट ठेवून, जीभ पाहून, गाव विचारून कुटलेली पुडी आणि टीव्ही पाहून मागवलेला डबा यांच्यामधली रेघ कायद्याने तिथे एकदा ओढलेली आहे. नवा नियम तिथूनच सुरू करता येईल.